हद्दीचा दगड आणि शेळी

फार पूर्वी दोन राज्यांच्या मधोमध हद्दीचा एक दगड उभा होता. पुढे दोन्ही राज्यं बुडाली, पण दगडाला ते कुणी कळवलंच नाही. रोज चरायला येणाऱ्या शेळीला तो दरडावायचा, "कुठल्या राज्यातली गं तू?"

"अहो दगडोबा, राज्यं कधीच बुडाली. मी गवत असेल तिथली," म्हणत शेळी त्याला पाठ घासून पुढे जायची. दगड मनातल्या मनात चरफडायचा.

एके दिवशी कुणीतरी त्याला शेंदूर फासला. मग नारळ फुटू लागले. देव कुणाचा, यावरून अलीकडचं आणि पलीकडचं गाव हमरीतुमरीवर आलं आणि दगडाच्या दोन्ही अंगांना लांबच लांब काटेरी कुंपण उभं राहिलं.

शेळी कुंपणापाशी अडली.

"आता बोल," दगडाने ऐटीत विचारलं, "कुठली तू?"

शेळीने मुकाट्याने गावाचं नाव सांगितलं.