कायद्याचा फुलका

न्यू जर्सीच्या टिपणीसकाकू पक्क्या जुन्या वळणाच्या. सरकारने रस्ते बांधावेत, सैन्य ठेवावं, पण माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये, हे त्यांचं राजकारण. मतं मागायला आलेले नगरसेवक कॉलिन्स त्यांच्याकडेच जेवायला बसले. येताना विजेची शेगडी भेट आणली होती. घरोघरचा गॅस बंद करणारा आपला येऊ घातलेला कायदा किती थोर, हे सांगत ते गॅसच्या आचेवर टम्म फुगलेले फुलके हाणत होते.

“आणखी एक वाढा, असाच फुगलेला!”

काकूंनी गॅस बंद केला आणि भेटीच्या शेगडीवर भाजलेला चपटा, चामट फुलका त्यांच्या ताटात टाकला.

“हे काय?”

“तुमचा कायदा, साहेब. आधी तुम्ही चावून बघा, मग आम्हाला वाढा.”