बारशाच्या दिवशीचा भाडेपट्टा

यमुताई केळुसकरांचा फ्लॅट त्यांचा स्वतःचा, पण इमारतीखालची जमीन विश्वासराव इनामदारांची. जमिनीचा भाडेपट्टा दोन वर्षांत संपणार होता. तो वाढला नाही, तर फ्लॅटही इनामदारांच्या घशात जाणार होता, आणि लेकीसाठी मागे ठेवायला यमुताईंकडे दुसरं काहीच नव्हतं.

विश्वासराव एरवी भेटत नसत. म्हणून यमुताई त्यांच्या नातवाच्या बारशालाच गेल्या. बाळाच्या पायात वाळे घातले आणि भरल्या दिवाणखान्यात भाडेपट्ट्याचा कागद पुढे केला.

"मुदत वाढवून द्या, साहेब."

विश्वासराव पाहुण्यांकडे बघून हसले. "वय काय तुमचं, मावशी? सत्तर ना? मग दहा वर्षं पुरे झाली की!"

दिवाणखाना खदखदून हसला. यमुताईही हसल्या.

"खरंय. माझ्या वयाच्या हिशेबानं मी मागतच नाही. आज तुमच्या घरात वारस आलाय. इनामदारांचं नाव या गावात अजून किती वर्षं राहील, तेवढाच आकडा तुमच्या हातानं घाला. वर एक वर्षही मागणार नाही."

हसू थांबलं. पाळण्याची दोरी धरून बसलेल्या विश्वासरावांच्या आईसाहेब कडाडल्या, "विश्वास, दहा लिहिशील तर याद राख!"

विश्वासरावांनी घाम पुसून नव्याण्णव लिहिलं.

"एवढंच?" आईसाहेबांनी विचारलं. "आणि त्यानंतर आपला वंश काय बुडणार आहे?"

विश्वासरावांनी मुकाट्यानं शेजारी आणखी एक नऊ काढला.