वस्तादांची झोप

“वस्ताद, आता आणखी किती आवळू?”

संताजी खोत बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला होता. हातात पाना, कपाळावर घाम. विचारलं वस्तादांना, पण मान काही वर केली नाही.

हुसेन शिकलगार वस्ताद बाकड्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी आणखी एक घोट घेतला…

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, वाघबीळच्या फाट्यावर वस्तादांचं गॅरेज. तिथे एक रीत होती. शिष्याने एकट्याने दुरुस्त केलेल्या गाडीत वस्ताद मागच्या सीटवर आडवे व्हायचे आणि शिष्याने गाडी गडावर न्यायची. वस्तादांना झोप लागली, तर शिष्य मेकॅनिक झाला. मग त्याने खुशाल आपली पाटी लावावी. वाटेत वस्ताद उठून बसले, तर गाडी माघारी आणि शिष्यही माघारी.

संताजीची पाटी आधीच रंगवून तयार होती. कोडोलीला गाळाही बघून ठेवला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पण दुरुस्तीला आलेली जंगमअण्णांची पांढरी गाडी आडवी आली. चढ लागला की तिच्यात जळक्या ऑइलचा वास यायचा. इतका, की अण्णांच्या घरच्यांनी तिच्यात बसणंच सोडलं होतं.

रोग संताजीने बरोबर ओळखला होता. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली रबराचं पॅकिंग. ते म्हातारं झालं होतं. तिथून ऑइल पाझरून खालच्या तापलेल्या पाइपावर पडत होतं आणि जळत होतं.

त्याने नवं पॅकिंग घातलं. वास आला. आणखी आवळलं. वास वाढला. दोन्ही खेपेला वस्ताद निम्म्या चढावर उठून बसले आणि म्हणाले, “गाडी वळीव.”

संताजी मूळचा तालमीतला गडी. त्याच्या मुठीत सापडलेलं मनगट सुटत नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला तो स्वतः सांगे. बोल्टही तो तसेच आवळायचा.

“आता कुणाच्या बापाला सुटायचा न्हाई ह्यो,” तो म्हणाला.

वस्तादांनी कप खाली ठेवला.

“हात धू.”

“काम हाय अजून, वस्ताद.”

“हात धू म्हटलं न्हवं.”

तो धुसफुसत हौदापाशी गेला. हात ओले केले, साबण घेतला. वस्ताद मागून येऊन उभे राहिले.

“साबण धर. घट्ट. सोडायचा न्हाई.”

संताजी हसला. असल्या कामात त्याला कोण हरवणार? त्याने मूठ आवळली… आणि साबण टुणकन उडून गटारीपलीकडे पडला.

त्याने तो आणला, धुतला आणि दात-ओठ खाऊन पुन्हा आवळला. या खेपेला साबण वस्तादांच्या पायाशी आला.

वस्तादांनी तो उचलला, उघड्या तळव्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर धरला. साबण तिथेच राहिला…

“इंजनासंगं कुस्ती कशापायी धरलीस?” एवढं विचारून ते जेवायला निघून गेले.

संताजीला आधी राग आला. मग लाज वाटली. मग त्याने गाडीपाशी जाऊन झाकण खोललं.

पॅकिंग नवंकोरं होतं, पण बोल्टांपाशी चिरडून बाहेर आलं होतं. पत्र्याची कड तिथे दबली होती आणि दोन बोल्टांच्या मधे उचलली गेली होती. त्या फटीतून ऑइल बिनदिक्कत वाहत होतं. फट त्यानेच पाडली होती. जितकं बळ लावलं, तितकी ती मोठी झाली होती.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याचा कान पिळला असता. आता स्वतःचा कसा पिळणार?

त्याने पत्र्याची कड लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून सरळ केली. पाइपावरचं सांडलेलं ऑइल घासून पुसून काढलं. ते राहिलं असतं तर उगाच जळून पुन्हा फसवलं असतं. दुसरं पॅकिंग बसवलं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने बोटांनीच फिरवले. शेवटी पाना लावला, आणि बोल्ट नीट बसताच हात थांबवला.

थांबणं फार जड गेलं. हात शिवशिवत होते. आणखी अर्धा पीळ द्यावा, कोण बघतंय… त्याने पाना खाली ठेवून दिला.

वस्ताद जेवून आले. काही न विचारता मागच्या सीटवर आडवे झाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

चढ लागला. संताजीने काचा मुद्दाम बंद ठेवल्या होत्या. आधीच्या दोन्ही खेपेला जिथून गाडी वळवावी लागली होती ते वळण आलं… आणि गेलं. गाडीत जुन्या सीटचा आणि अण्णांच्या उदबत्तीचा वास होता, बाकी कसलाही नाही.

मग मागून घोरणं ऐकू आलं. चांगलं दणदणीत घोरणं.

संताजीने आरशात मागे पाहिलं. आखाड्यात चांदीची गदा मिळाली तेव्हाही त्याला एवढा आनंद झाला नव्हता. ओरडावंसं वाटलं, हॉर्न वाजवावासा वाटला. पण वस्तादांची झोप मोडेल म्हणून तो गप्प राहिला आणि डोळे पुसत गाडी चालवत राहिला.

गडावर पोचल्यावर त्याने गाडी सावलीला लावली. बॉनेट उघडून वाकून पाहिलं. पाइप तापलेला होता, पण कोरडा. खाली सारं खोरं उन्हात पसरलं होतं, आणि त्यात कुठेतरी कोडोलीही होती.

आता मात्र त्याला राहवलं नाही. मागचं दार उघडून त्याने वस्तादांच्या पायांना हात लावला.

“वस्ताद… आलो वर.”

वस्तादांनी टोपी बाजूला केली. गडाचा तट बघितला, आभाळ बघितलं, आणि मग पुढची रिकामी सीट बघितली…

“आलो व्हय?” ते मिश्कीलपणे म्हणाले. “झोपंत कळलंबी न्हाई. गाडी कोण चालवत हुतं?”