डांबरी रस्त्याची खडी

झेडपीचे सभापती रावसाहेब कोळगे बोलायला लागले की समोरच्याने मान खाली घालून ऐकायचं, अशी तालुक्याची रीत होती. नागनाथ मिस्त्रीने त्यांच्या गाडीचा फुटका रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर बदलला आणि गॅरेजच्या रिवाजाप्रमाणे काढलेले जुने भाग मालकापुढे ठेवले.

"वर्षाची गाडी, आणि दोन्ही गेले?" सभापती चार माणसांदेखत कडाडले. "तूच फोडलेस. कारण दाखव, नाहीतर उद्या ही शेड पाडून टाकतो."

नागनाथने कंडेन्सर कागदावर आपटला. ओंजळभर मुरूम आणि टोकदार खडी खाली पडली.

"तुमच्या बंगल्यापासून इथवर एकच रस्ता आहे, साहेब. तिथल्या पाटीवर तुमच्या नावाखाली 'डांबरीकरण पूर्ण' असं लिहिलंय. पाटी खरी असेल तर मी चोर. मी खरा असेन तर पाटी खोटी. तुम्ही सांगाल ते मान्य."

सभापतींनी खडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"बरं, बरं. पुढे एक जाड जाळी बसव, म्हणजे दगड लागणार नाहीत."

नागनाथने पाना खाली ठेवला. गेल्या वैशाखात त्याच रस्त्याने तो पोटुशा बायकोला टमटममधून दवाखान्यात नेत होता. धक्क्यांनी मूल वाटेतच गेलं.

"बसवतो," तो म्हणाला. "गाडीला जाळी बसते, साहेब. माझ्या बायकोच्या पोटाला कोणती बसवायची होती?"