गारंबीचा वेल सुकेपर्यंत

एका राज्यात, जिथे गावं संपली की पुढे नुसतं रानच होतं, चंद्रधर नावाचा राजा राज्य करी. रान कसं होतं? बारमाही हिरवं. भर दुपारी आत शिरलं तरी आपलं पाऊल आपल्याला दिसू नये. झाडाच्या डोक्यावर झाड, त्याच्या डोक्यावर आणखी झाड, आणि सगळ्यांना मिळून बांधून ठेवणारे वेल.

राजाला हौस आली, शंभर खांबांचा महाल बांधावा. शंभर झाडं तोडली. ती पडताना आणखी किती पडली, ते कुणी मोजलं नाही. महाल उभा राहिला. लोक लांबलांबून बघायला आले.

वास्तुशांतीच्या दिवशी खांबांना पाझर फुटला. तांबूस पाणी, पुसलं की पुन्हा यायचं. आणि त्याच घटकेला राजाची एकुलती एक लेक कुमुद, सोळा वर्षांची पोर, सभामंडपात उभी होती ती उभीच राहिली. तिच्या पावलांना साल धरली. झाडाला असते तशीच, खरखरीत, भेगाळ. बघता बघता गुडघ्यापर्यंत चढली आणि थांबली.

वैद्य आले, मान हलवून गेले. मांत्रिकांनी अंगारे लावले, ते सालीवरून गळून पडले. चौथ्या दिवशी महालाच्या कळसावर धनेश पक्षी येऊन बसला. ही मोठी पिवळी चोच, चोचीवर शिंग. माणसासारखा बोलू लागला. मी रानजोगिणीचा निरोप्या, म्हणाला. रान तिच्या राखणीत आहे आणि हा शाप तिचा आहे.

राजाने हात जोडले, उतारा विचारला.

धनेश म्हणाला, "रान कुणाला नाही म्हणत नाही, राजा. तू ओरबाडून घेतलंस. आता रीतीने एक झाड आण. पहिलं, असं झाड निवड की त्याच्या जाण्याने कुणी उघडं पडणार नाही. दुसरं, ते पडताना शेजारचं पडू नये. तिसरं, ते नेताना वाटेतलं रोपही मरू नये. सगळं खोड वेशीच्या आत आलं, की साल गळेल."

"आणि चुकलो तर?"

"जितकी झाडं मरतील, तितकी बोटं साल चढेल. लहान असो, मोठं असो, झाड ते झाड."

असं म्हणून पक्षी उडून गेला.

सेनापती वज्रबाहू पुढे झाला. एक झाड आणायचं ना, संध्याकाळच्या आत आणतो, म्हणाला. तीनशे कुऱ्हाडी, नऊ हत्ती घेऊन गेला. एक सरळसोट झाड बघितलं, घाव घातले. झाड कलंडलं, पण एकटं कलंडेना. वरती गारंबीचा वेल होता, मांडीएवढा जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. त्या वेलाने शेजारची तेरा झाडं ओढून भुईवर आणली. मग हत्ती आले. हत्तींनी ओंडका ओढला, त्या वाटेवर तीस रोपं चिरडली.

इकडे महालात साल चढत होती. मांडी गेली, कंबर गेली, छाती गेली, गळा गेला. हनुवटीवर येऊन थांबली. खालच्या ओठाला एक बोट उरलं. आणखी एक रोप मेलं असतं तर तोंड मिटलं असतं, आणि तोंड मिटलं की पाण्याचा थेंबही आत जाणार नव्हता.

राजा लेकीसमोर बसून राहिला. दवंडी पिटली, पण आता कुणी पुढे येईना. एक बोट उरलेलं असताना कोण येणार? तिसऱ्या दिवशी रानाच्या कडेच्या पाड्यावरची नवशी आली. पन्नाशी उलटलेली बाई, कमरेला कोयता. तिच्या लोकांचं काम वेल तोडायचं. घराला लाकूड लागलं तर तिचे लोकही झाड पाडत, पण आधी वेल तोडत आणि मग थांबत.

राजाने विचारलं, किती दिवस लागतील? नवशी म्हणाली, वर्ष लागेल.

वज्रबाहू हसला. "वेल तोडायला वर्ष? म्हातारे, एवढ्या वेळात माझी घोडी व्यायली, शिंगरू धावायला लागलं."

"तोडायला एक दिवसच लागतो, सेनापती. सुकायला वर्ष लागतं. ओला वेल तोडला तरी वरती झाडांना धरून राहतो. तुम्ही बघितलंत की, कसा धरतो ते."

राजाने लेकीकडे पाहिलं. तिला मान हलवता येत नव्हती, पण ओठ हलत होते. ती म्हणाली, "बाबा, साल आपण होऊन चढत नाही. घाई केली की चढते."

राजा नवशीबरोबर रानात गेला. अनवाणी गेला, कारण नवशीने सांगितलं, जोड्याखाली काय मेलं ते कळत नाही.

आधी झाड निवडायचं. राजाने सगळ्यांत मोठा रानफणस दाखवला. नवशीने खोडातली ढोली दाखवली. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे बोटभर फट, आणि फटीतून एक चोच बाहेर. धनेशाची मादी आत अंड्यांवर बसली होती. राजाने मग एक कोवळं, सरळ झाड दाखवलं. नवशी म्हणाली, याला अजून एकदाही फळ आलं नाही, हे जाईल तर मागे काय ठेवून जाईल? दोन दिवस हिंडून ती एका किंजळाच्या झाडापाशी थांबली. शेंडा वाळायला लागलेला, खाली त्याचीच कमरेएवढी चार पोरं उभी. जोगिणीचा निरोप्या धनेश वर येऊन बसला होता, त्याने हरकत घेतली नाही. म्हणजे पहिलं काम झालं.

नवशीने किंजळावरचे सगळे वेल बुंध्याशी तोडले आणि ती थांबली.

थांबणं सोपं नव्हतं. महालात दासी दोन ओठांमधून चमच्याने पेज भरवत होत्या. पोरीचे हात सालीत गेले होते. चार महिने झाले, राजा रानात गेला, वेल सुकला का विचारलं. नवशीने गारंबी वाकवून दाखवली. वाकली, मोडली नाही. आठ महिने झाले, राजा पुन्हा गेला. वेल पुन्हा वाकला. त्या दिवशी राजाने स्वतः कुऱ्हाड उचलली. नवशी आडवी आली नाही. एवढंच म्हणाली, "महाराज, हात तुमचा आहे, ओठ पोरीचे आहेत." राजाने कुऱ्हाड खाली ठेवली.

मग तो रोजच रानात येऊन बसू लागला. नवशीच्या लोकांकडून शिकला. बीज धरणारी झाडं कोणती, त्यांना गेरूचा पट्टा मारून सोडून कसं द्यायचं. ओढ्याच्या दोन्ही काठांना का हात लावायचा नाही. रानाचे तीस वाटे त्याने पायी फिरून पाडले. एका वर्षी एका वाट्यातून तोडायचं, तेही मोजकं, आणि मग त्या वाट्याची पाळी पुन्हा तीस वर्षांनी. फर्मान त्याने रानातच लिहवलं.

वर्ष भरलं. नवशीने गारंबी हातात धरली. वेल काटकीसारखा कडकन मोडला.

नवशीने झाडाच्या एका अंगाला खाच घेतली. दोर बांधले. समोर दोन मोठ्या झाडांच्या मधे गाडीवाट जाईल एवढीच जागा. घाव सुरू झाले. किंजळ करकरला. वरती सुके वेल फटाफट तुटत गेले. झाड त्या फटीत उतरलं, पाटावर बसावं तसं. पानं खाली यायला वेळ लागला. मग सगळे वर बघू लागले. धनेश बोलला नाही. दुसरं काम झालं.

हत्ती कुणी मागितले नाहीत. जागेवरच खोडाचे सात ओंडके केले. काठ्यांवर तोलून, खांद्यावर घेऊन, गव्यांच्या जुन्या वाटेने निघाले. पुढे नवशी, भुई बघत. पाय कुठे ठेवायचा ते ती सांगे, मग माणसं पाय ठेवत. सहा ओंडके वेशीच्या आत गेले.

सातवा उतारावर आला. राजा स्वतः मागच्या काठीला होता. पुढच्या गड्याचा पाय शेवाळावरून सरकला, काठ्या निसटल्या, ओंडका घरंगळू लागला. खाली वाटेच्या कडेला हिरड्याचं रोप होतं. दोन पानांचं, आदल्या आठवड्यात उगवलेलं असेल. नवशी लांब होती. बाकीचे ओरडायच्या आत राजा उतारावरून घसरत गेला आणि रोपाच्या अंगावर आडवा झाला. ओंडका त्याच्या मांडीवर येऊन अडला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ओंडका बाजूला केला. नवशी गुडघ्यांवर बसली. राजाकडे नाही, आधी रोपाकडे बघितलं. एक पान चुरगळलं होतं. देठ उभा होता.

राजाने दात आवळून विचारलं, "आहे का?"

"आहे, महाराज."

वरती धनेश पंख झाडून बसला होता. बोलला नाही.

राजाला झोळीत घातलं. ओंडका पुढे, झोळी मागे. ओंडका वेशीच्या आत आला तशी महालाच्या खांबांचा पाझर आटला. राजकन्येच्या हनुवटीची साल तडकली, गळ्याची तडकली, मग सगळी एकदम पायांशी ढीग होऊन पडली. कळसावरून धनेश म्हणाला, "जोगिणीचं देणं फिटलं," आणि रानाकडे उडाला.

राजाची झोळी सभामंडपाच्या दाराशी आणली, तेव्हा कुमुद उभी होती. पाय काडीसारखे झाले होते, वर्षभर न चाललेले. राजा झोळीतून उठू बघत होता, उठता येईना. त्याने दासींना खूण केली, तिला धरा, उचलून माझ्यापाशी आणा.

"नको, बाबा," ती म्हणाली. "मी येते. वेळ लागेल."

तिने एक पाऊल टाकलं. डगमगली. हाताशी खांब नव्हता धरायला. दासींचे हात पुढे झाले, ते राजाने हाताच्या खुणेने मागे घेववले. सभामंडप मोठा होता. ऊन कलत गेलं. राजा थांबला.

राज्य राजाकडे राहिलं, रान रानाकडे राहिलं, आणि ही गोष्ट ऐकणाऱ्याकडे राहो.