तळ्यातल्या तडकलेल्या घंटा

एका राज्यात एके सकाळी एकही मूल जागे झाले नाही.

झाले होते असे. राजा सोमकेतूने एका मांत्रिकाच्या फाटक्या कफनीची भर दरबारात थट्टा केली. मांत्रिक चिडला नाही. जाता जाता एवढेच म्हणाला, "हत्ती मावेल एवढी काशाची घंटा ओता. ती न तडकता वाजेल, तेव्हा मुले उठतील. तीन वर्षांत वाजली नाही, तर त्यांचे दगड होतील."

देशोदेशीचे नामांकित ओतारी आले. कुणाच्या मनगटात सोन्याचे कडे, कुणाच्या मागे शिष्यांची रांग. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! प्रत्येकाची घंटा पहिल्याच ठोक्याला तडकली. तडकलेली वस्तू अशुभ, म्हणून राजा ती तळ्यात बुडवी आणि ओतारी तोंड लपवून वेशीबाहेर पडे. पुढे येणारा पुन्हा तेच चुकायला मोकळा.

राज्यात भिवरा नावाची एक ओतारीण होती. तिची मुलगी तानीही झोपलेलीच होती. मुदतीचे दहा दिवस उरले, तशी ती तळ्याकाठी येऊन बसली.

झाडावरची साळुंकी म्हणाली, "बाई, घंटा पाण्यात बोलतात. त्यांना कुणी विचारीत नाही, एवढेच."

साळुंकीने आपले एक पीस दिले. भिवराने ते वेणीत खोवले आणि बुडी मारली. पाण्यात श्वास सुखाने चालू लागला. तळाशी निळा उजेड होता. घंटा शेवाळ पांघरून बसल्या होत्या, मासे त्यांच्या आतून ये-जा करीत होते.

"तुला तडा का गेला, बाई?" भिवराने विचारले.

पहिली म्हणाली, "कथील फार पडले. झळाळी आली, पण अंग ठिसूळ झाले."

दुसरी म्हणाली, "साचा ओला होता. धनी म्हणाला, चालेल."

बाकीच्यांनीही हीच दोन दुखणी सांगितली. भिवराने कथील मोजून घातले, साचा खडखडीत वाळवला, काशाचा रस ओतला. दुसऱ्याच दिवशी अधीर होऊन तिने साचा फोडला आणि टोला दिला.

घंटा तडकली.

भिवरा ऊर फुटेस्तोवर रडली. मग डोळे पुसून, घंटेचा निखळलेला तुकडा घेऊन तिने तळ्यात बुडी मारली आणि आपल्याच घंटेला विचारले, "आता तू सांग."

"मी आत गरम होते," घंटा म्हणाली. "तीन दिवस थांबायचे होतेस."

चार दिवस उरले होते. नवा साचा जाळावर वाळवून तीच घंटा वितळवून पुन्हा ओतण्यात एक गेला.

मग ती थांबली. पहिल्या दिवशी तानीची पावले दगडाची झाली, दुसऱ्या दिवशी गुडघे. तिसऱ्या दिवशी राजा धावत आला.

"साचा फोड, बाई!"

"अजून ऊब आहे, महाराज."

"तुझी मुलगी दगड होते आहे!"

"मला दिसते आहे."

ती साच्याजवळ, राजाच्या वाटेत आडवी बसली. मांडीवर तानीचे डोके होते. मान वळवून भिवरा साच्याकडे बघे, तेव्हा तिचे आसू त्यावर पडे आणि चर्र करून सुके. सूर्य टेकला, तेव्हा एक टिपूस पडले आणि ओलेच राहिले.

भिवरा उठली. साचा फोडला, टोला दिला. घंटा वाजली, आणि वाजतच राहिली. तो नाद डोंगर ओलांडून शेवटच्या पाड्यापर्यंत गेला. दगडाचे पाय पुन्हा मऊ झाले, घरोघरी मुले उठून बसली.

तानी डोळे चोळीत म्हणाली, "आई, केवढ्यानं वाजवतेस गं!"

भिवरा हसली की रडली, ते तिचे तिलाच कळले नाही.

राजाने विचारले, "एवढे थोर थोर हरले. तुझ्यापाशी कोणता मंत्र होता?"

"त्यांच्याच चुका होत्या, महाराज. माझी एक त्यांत घातली."

 राजाने मुकुट उतरवला आणि मांत्रिकाची क्षमा मागायला तो पायी निघाला.

त्या राज्यातली मुले जशी उठली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरचीही हसत उठोत.