तुम्ही कधी येणार नाही?

एकदा एका मठाधिपतींनी आपल्या शिष्याला सेवेसाठी माणसे गोळा करायला धाडले. मठात आठ वृद्ध सांभाळले जात. आठही दृष्टिहीन, हात थरथरणारे. दुपारचा घास कोणीतरी भरवावा लागे. मागल्या वर्षी शपथा घेऊन आलेले सेवक महिन्याभरात एकेक करून पांगले होते आणि आता गुरू व शिष्य असे दोघेच उरले होते. भरवणारे हात मिळाले नाहीत, तर पौर्णिमेला या आठ जणांना दूरच्या वेगवेगळ्या नगरांतील अनाथालयांत पोचवावे लागणार होते. तिथे एकमेकांचे ओळखीचे आवाजही त्यांना दुरावले असते.

शिष्याची वाणी मोठी रसाळ, आणि हे त्यालाही चांगलेच ठाऊक होते. बाजारात त्याने असे काही प्रवचन झोडले की बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि चाळीस जण त्याच्यामागून थेट मठात आले. स्वारी हवेत होती.

गुरूंनी प्रत्येकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कधी येणार नाही?"

कापडाचा व्यापारी छाती ठोकून म्हणाला, "महाराज, हे काय विचारणं झालं? केव्हाही हाक मारा, हा देह मठाचा!"

गुरूंनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि नम्रपणे निरोप दिला. त्याच्यामागे एक कुंभारीण होती. ती घुटमळत म्हणाली, "भट्टी लावते त्या दिवशी नाही जमायचं, बाबा. अन् सून माहेरी गेली की सगळं घर माझ्यावर. सोमवारी अन् शुक्रवारी तेवढी येईन."

तिचे नाव लिहून घेण्यास गुरूंनी सांगितले. सायंकाळपर्यंत चाळिसांतले नऊ उरले. बाजाराचा दिवस म्हणून गुरुवारी तर त्या नऊ जणांनीही हात वर केले होते.

शिष्याचा धीर सुटला. "गुरुदेव, सर्वस्व देणारे परत पाठवलेत आणि अटी घालणारे ठेवलेत! आता गुरुवारी म्हाताऱ्यांनी काय हवा खायची?"

एवढ्यात तो व्यापारीच तणतणत परत आला. "चारचौघांत माझी शोभा केलीत. कुंभारणीपेक्षा माझी भक्ती कमी पडली का?"

"भक्ती तुमची जास्तच आहे, शेठजी," गुरू शांतपणे म्हणाले. "पण ती बाई 'नाही' म्हणाली, तेव्हा मनानं घरी जाऊन आली होती. भट्टी, सून, चूल सगळं पाहून तिनं त्यातून दोन दुपारी बाजूला काढल्या. तुम्ही प्रवचनातून उठून सरळ इथं आलात. मागल्या वर्षीचे लोकही खोटे नव्हते. सगळंच देऊन बसले होते. मग घर आडवं आलं, एक दिवस चुकला, आणि चुकल्याच्या लाजेनं ते पुन्हा फिरकलेच नाहीत. आत पानावर बसलेली माणसं मात्र वाट पाहत राहिली."

शिष्याची मान खाली गेली. आपण बाजारात पुण्य सांगितले, मोक्षही सांगितला. जेवणाची वेळ कोणती, एवढे मात्र सांगायचे राहून गेले, हे त्याच्या ध्यानात आले.

व्यापारी पागोटे नीट करीत खाली बसला. मग दुकानातल्या रोजच्या आवाजात म्हणाला, "गुरुवारी गर्दी असते. पण दुपारी घटकाभर मुलगा दुकान सांभाळील. गुरुवारी येतो. बाकी सहा दिवस यायचा नाही."

शिष्याने वही पुढे ओढली.

पौर्णिमा आली आणि गेली. मठातून कोणालाही कुठे न्यावे लागले नाही. काही महिन्यांनी एका दुपारी शिष्य भात कालवत होता. अंगणात जोडे काढल्याचा आवाज झाला. कोपऱ्यातल्या म्हातारीने पदर सावरला, मान वळवली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, आज गुरुवार का!"